शोकेसमधली घागर

लेक अमेरिकेहून आली ती स्वेटरमध्ये गुंडाळलेली एक मातीची घागर घेऊन. पांढऱ्या अंगावर काळी पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी, गळ्याशी विटकरी पक्षी. तिकडच्या प्वेब्लो आदिवासी जमातीच्या बायका चाकाशिवाय, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून अशा घागरी घडवतात आणि पूर्वी त्यांतूनच डोक्यावरून पाणी आणायच्या, असं तिनं सांगितलं. मग घागर शोकेसमध्ये ठेवून मला बजावलं, "आई, ही फक्त बघायची हं." सुट्टी संपली आणि ती परत गेली.

बघून बघून किती बघायचं? मी जतची, टँकरच्या रांगेत वाढलेली. माझी आई म्हणायची, "रिकामी घागर घरात ठिवू नगं, जिवाला घोर लागतो." आता सांगलीत नळाला पाणी आहे, पण घोर काही गेला नाही. आधीच लेक गेली की घर खायला उठतं, त्यात काचेआड ही रिकामी घागर. टीव्ही लावला तरी नजर तिकडेच. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, घागर काढली, बोटानं वाजवून बघितली. खणखणीत! मग नवा माठ भिजत घालतो तशी बादलीत बुडवून ठेवली.

संध्याकाळी काढली तर पांढरा लेप पापुद्र्यांनी सुटलेला, काळा रंग हाताला लागत होता आणि एका पक्ष्याला डोकंच उरलं नव्हतं. मला स्वतःचाच असा संताप आला!

लेकीचा रोज व्हिडिओ कॉल येतो. आता ती घागर दाखव म्हणाली तर? "नेट नाही", "डोळ्यांत औषध घातलंय" असं काहीबाही सांगून मी कॅमेरा बंद ठेवून नुसतं बोलायची. फोन ठेवला की स्वयंपाकघर ते दार येरझारा. एकदा दूध उतू गेलं, एकदा कुलूप न लावताच बाजारात गेले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

असे आठ दिवस काढून शेवटी कॅमेरा लावला आणि घागरच पुढे धरली. "बघ, मी भिजत घातली होती."

ती घागरीकडे बघेचना. माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

"घागर गेली खड्ड्यात, आई! आठ दिवस तोंड दाखवलं नाहीस. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय आणि तू लपवतेस. मी इथं घरभर नुसती फिरतेय."

घागरीत आता शाळू ज्वारी भरलीय. आणि कॉल आला की मी आधी तोंड दाखवते.