आमच्या मुलांना कामावर नेणाऱ्या रामटेके मॅडम

श्रीमती विमल रामटेके यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईत, रिसालीच्या भाजीबाजारात. माझी धाकटी बहीण वंदना सोबत होती. मी वांगी निवडत होते आणि वंदना शेजारच्या ढिगातले टमाटर लहान-मोठे वेगळे करून लावत बसली होती. भाजीवालीला तिची सवय होती, ती काही म्हणत नसे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की चष्मा लावलेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई पिशवी खाली ठेवून वंदनाकडे पाहत उभ्या आहेत. वंदनाकडे लोक पाहायचेच, पण ते तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे. या बाई तिच्या हातांकडे पाहत होत्या.

त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या वंदनाच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि तिलाच विचारलं, "तुले हे काम आवडते का?"

वंदना मान वर न करता म्हणाली, "आवडते. पन मले कोनी कामाले नेत नाही."

मॅडमच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा सगळ्यांत आधी हेच आठवलं. पुढे त्यांच्याजवळ मी बरीच वर्षं काम केलं. त्यांच्याविषयी अधिकारानं लिहू शकतील अशी शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. मी त्यांच्याकडे आले ती एका बहिणीची बहीण म्हणून, आणि तशीच लिहिणार आहे.

आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होते, घर हुडको वसाहतीत. वंदनाला शिकायला वेळ लागतो. अक्षरं ओळखते, पण वाक्य वाचता येत नाही. एकाच वेळी चार गोष्टी सांगितल्या की ती पहिलीही विसरते. आठवीपर्यंत शाळेनं तिला वर ढकललं आणि मग शाळा संपली. त्यानंतर ती घरात राहिली. बाबांची पहिली पाळी असली की ती त्यांच्या आधी उठायची, अंघोळ करून, वेणी घालून, चपला चढवून फाटकाशी उभी राहायची. बाबा सायकल काढायचे आणि ती विचारायची, "मी कवा जाईन?" आई आतून म्हणायची, "उद्या." हे किती वर्षं चाललं, ते आता सांगवत नाही.

बाजारातल्या त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी मॅडम आमच्या घरी आल्या. जयभीम घातला, चहा घेतला आणि आपण कोण ते सांगितलं. टाउनशिपच्या प्राथमिक शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं. यजमान रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिसालीतल्या आपल्या घराची समोरची खोली मोकळी केली होती, आणि वंदनासारख्या मुलामुलींना नोकरीला लावण्याचं काम तिथून सुरू केलं होतं.

हे काम त्यांनी का घेतलं, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्यांच्या अगदी पहिल्या वर्गात शंकर नावाचा विद्यार्थी होता. शांत, हसरा, अभ्यासात मात्र काही केल्या पुढे न सरकणारा. तो शाळेतून गेला, मॅडमही त्याला विसरल्या. निवृत्तीच्या सुमारास एका ओळखीच्या घरी त्या सांत्वनाला गेल्या, तर ते शंकरचंच घर निघालं. तो पडवीत खुर्चीवर बसलेला, केस पिकायला लागलेले. त्यानं मॅडमना लगेच ओळखलं, उठून उभा राहिला आणि विचारलं, "मॅडम, शाळा कवा उघडन?" त्याच्या आईनं सांगितलं की शाळा सुटल्यापासून तो दर उन्हाळ्यानंतर हेच विचारतो. मॅडम म्हणायच्या, "त्या दिवशी मला कळलं, संगीता. आपण मुलांना शाळेत घेतो, तेव्हा ती बाहेर कुठे पडणार आहेत हे आपण पाहतच नाही."

त्यांची पद्धत त्या काळी आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. इतर ठिकाणी अशा मुलांना मेणबत्त्या, पाकिटं करायला शिकवत, आणि ती वर्षानुवर्षं शिकतच राहत. मॅडमचं म्हणणं, काम कामाच्या जागीच शिकायचं. खऱ्या दुकानात, खऱ्या भटारखान्यात, खऱ्या माणसांमध्ये काही महिने उमेदवारी करायची. सोबत आपला एक माणूस असायचा, त्याला त्या 'सोबती' म्हणत. सोबत्यानं आधी शेजारी उभं राहायचं, मग दाराशी, मग बाहेर, आणि एक दिवस यायचंच नाही.

आईला हे पटायला वेळ लागला. पोरीची जात, कोण कसं वागेल, हसतील, फसवतील. तिची भीती खोटी नव्हती आणि मॅडमनी ती खोटी ठरवलीही नाही. त्या म्हणाल्या, "भीती मलाही वाटते, वहिनी. म्हणून तर सोबती पाठवते." दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना बाबा वंदनासाठी जेवणाचा डबा घेऊन आले, आपल्या डब्यासारखाच.

एका खाजगी रुग्णालयाच्या लाँड्रीत वंदनाची उमेदवारी ठरली. ती तिथं जाण्याआधी आठवडाभर मॅडम स्वतः गेल्या. साठी उलटलेल्या बाई पदर खोचून ओल्या चादरी झटकत होत्या, घड्या घालत होत्या, ट्रॉली ढकलत होत्या. तिथल्या बायका त्यांना हसल्या. मॅडमना मात्र पाहायचं होतं की वंदना कुठे अडेल. शोधून त्यांनी सगळं शोधलं, आणि वंदना अडली ती भलत्याच ठिकाणी. धुण्याचं मशीन थांबताना जोरात भोंगा वाजायचा. पहिल्याच दिवशी तो वाजला आणि वंदना कान दाबून कोपऱ्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. सुपरवायझर म्हणाले की मुलगी चांगली आहे, पण हिला घरीच ठेवा.

मॅडमनी त्यांच्याकडे आणखी एक दिवस मागितला. त्या मशीनसमोर स्टूल टाकून बसून राहिल्या. भोंगा वाजण्याआधी एक लाल दिवा लुकलुकतो, हे त्यांनी पाहिलं. वंदना मशीनकडे पाठ करून काम करत होती, म्हणून आवाज तिच्यावर अचानक कोसळायचा. मॅडमनी घडी घालायचं टेबल फिरवून घेतलं. आता तिला दिवा दिसू लागला. भोंगा वाजायच्या आधी ती स्वतःच म्हणायची, "आता बोंबलते पाय," म्हणजे आता ओरडेल पाहा, आणि काम करत राहायची. लाँड्रीतल्या बायकाही तिच्यासोबत तेच म्हणू लागल्या.

त्या महिन्यांमधली वंदना मी कधी विसरणार नाही. ती घरी येऊन जेवताना बोलायची. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी वेगळ्या, वॉर्डाच्या पांढऱ्या वेगळ्या. सरोज नावाची बाई तिला आपल्या डब्यातली चटणी देते. आमच्या घरात तोवर ड्यूटीच्या गप्पा बाबांच्याच असत. आता दोघांच्या असायच्या.

उमेदवारीची मुदत संपली आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी मॅडमना बोलावलं. मी सोबत होते. त्यांनी वंदनाचं फार कौतुक केलं. म्हणाले, हिला अशीच येऊ द्या, हिचं मनही रमेल, आमची ना नाही. मॅडमनी विचारलं, नेमणूक कधी? ते हसले. नेमणुकीचं काय, मॅडम, तिला त्यातलं काय कळतं, ती खूश आहे ना?

मॅडमनी शांतपणे सांगितलं, "ती इतरांइतकंच काम करते. इतरांसारखा पगार द्या. नाहीतर उद्यापासून ती येणार नाही."

आणि वंदना दुसऱ्या दिवसापासून गेली नाही.

आमच्या घरी त्या दिवसांत काय झालं ते मॅडमच्या गौरवग्रंथात लिहावं की नाही, याचा मी विचार केला. पण ते लिहिल्याशिवाय मॅडम कशा आहेत हे कळणार नाही. वंदना सकाळी तयार होऊन बसायची. सरोज वाट पाहत असेल म्हणायची. जेवण टाकायची. आई मॅडमवर भयंकर चिडली. त्या आल्या तेव्हा तिनं त्यांना बसा म्हटलं नाही. "पगार नसता भेटला तं नसता भेटला," ती म्हणाली, "माही पोरगी हासत तं होती. तुमाले कावून एवढी अकड?"

मॅडम उभ्याच होत्या. म्हणाल्या, "वहिनी, आज ती फुकटात खूश आहे. उद्या तिच्या जागी पगारी माणूस मिळाला, की तिला घरी पाठवायला त्यांना कुणाची परवानगी लागणार नाही. मला तिला अशा ठिकाणी न्यायचंय, जिथून तिला सहज काढता येणार नाही." मॅडम वंदनाजवळ जाऊन बसल्या. त्या रोज संध्याकाळी येत राहिल्या. समजावण्यासाठी नाही, कारण वंदनाला ते समजणं कठीण होतं. ती रडायची, त्या बसायच्या. एकदा वंदनानं त्यांचा हात झटकून टाकला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या.

रुग्णालयाचा निरोप येईल अशी मला आशा होती. तो आला नाही. मॅडम मात्र पायपीट करत राहिल्या. हॉटेलं झाली, शाळा झाल्या, आणि शेवटी कोहक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या लाँड्रीत जागा निघाली. तिथल्या संचालक बाईंनी थोडे दिवस काम पाहिलं आणि वंदनाची रीतसर नेमणूक केली. पगार, रजा, ओळखपत्र, सगळं इतरांसारखं. वंदना आजही तिथेच आहे. त्या लाँड्रीत आता ती जुनी झाली आहे, नव्या आलेल्यांना ती घड्या दाखवते. आईनं मॅडमना साडी नेसवली. पण एक गोष्ट सांगायला हवी. त्या रुग्णालयावरून ऑटो गेला की वंदना अजूनही मान वळवून पाहते. सरोज तिला पुन्हा कधी भेटली नाही. मॅडमनी हे पाहिलं होतं. आपलं चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, आणि त्याचं दुःख होत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

पुढे मीही मॅडमची सोबती झाले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका बेकरीत एका तरुणाबरोबर पाठवलं. तो पाव पिशवीत भरताना अडखळला की माझा हात पुढे जायचा. मॅडम मागून पाहत होत्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "संगीता, हात मागे बांध." मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी मला खरोखरच हात मागे धरून उभं राहायला लावलं. त्याच्या हातून दोन पाव खाली पडले. तिसरा पिशवीत गेला. मदत न करता जवळ उभं राहणं किती अवघड असतं, ते मी त्या बेकरीत शिकले.

सगळी मुलं कामाला लागली असं नाही. काही परत आली, काहींच्या घरच्यांनी काढून घेतलं. शंकरसाठी मॅडमनी पुष्कळ खटपट केली, पण इतकी वर्षं घरात काढल्यावर त्याला बाहेरचा गलबला सोसेना. तो पडवीतच राहिला. मॅडम भिलाईत होत्या तोवर दर रविवारी त्याच्याकडे जात. त्याच्या प्रश्नाला त्या काय उत्तर देत असत, हे मी कधी विचारलं नाही.

यजमान गेल्यानंतर आणि गुडघे पार थकल्यानंतर त्यांचे चिरंजीव त्यांना नागपूरला घेऊन गेले. ते योग्यच झालं. तरी त्यांच्याविना रिसालीतली ती खोली आम्हाला अजून सवयीची झालेली नाही. काम चालू आहे, नवे सोबती आले आहेत, ते हुशार आहेत. पण एखादा मालक दारातून परत पाठवतो तेव्हा माझ्या मनात येतं की मॅडम असत्या तर आता काय म्हणाल्या असत्या. मी ते शब्द जुळवू पाहते आणि ते माझ्या तोंडी तसे येत नाहीत. उमेदवारीला निघालेली मुलं पायरीवर थांबतात, मागे पाहतात. ज्यांनी मॅडमना कधी पाहिलंही नाही, तीही जुन्यांचं ऐकून विचारतात, "बडी मॅडम कब आएंगी?"

मॅडमनाही तिकडे करमत नाही. मागे फोनवर म्हणाल्या, "इथे सारे मराठी बोलतात, पण माझ्या कानांना चुकल्यासारखं वाटतं. मधेच कुणी हिंदीत शिरत नाही, कुणी छत्तीसगढीत हाक मारत नाही." मग एकेकाचं नाव घेऊन चौकशी. बेकरीतला काय करतो, कुणाची पाळी बदलली, कुणाचं लग्न जमतंय. नावं घेता घेता त्यांचा आवाज बारीक होत जातो, आणि मग त्या म्हणतात की सून जेवायला बोलावते आहे.

अलीकडे त्यांनी माझ्याकडे एक तक्रार केली. वंदनाची फार आठवण आली म्हणून त्यांनी तिला भर दुपारी फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. संध्याकाळी वंदनानंच उलट फोन करून त्यांना सुनावलं, "मॅडम, दुपारी नका करत जाऊ. मी कामावर रायतो." मला हे सांगताना मॅडम हसत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. मला आता वेळ पाहून फोन करायला हवा."

मॅडम, आपल्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो, रात्री शांत झोप लागो. आपण आमच्यासाठी आणखी काही करावं असं आता आम्ही मागत नाही. थंडी सुरू झाली की एकदा भिलाईला या. खोलीत बसा, आमच्या चुका काढा, चहात साखर कमी म्हणून कुरकुर करा. येणं जमलंच नाही, तरी चालेल. दिवेलागणीला आमची मुलं कामावरून घरी आलेली असतात. त्या वेळी फोन करत राहा, पुढची खूप खूप वर्षं.