सुधाकरच्या मापाची होडी: उल्हासनगर ते बारवी

नदीत आणि लहानसहान तलावांत गळ टाकायला कुठली कयाक घेऊ, असं हल्ली तरुण पोरं मला विचारतात. लांबी किती, रुंदी किती, आत पाय घालून बसायची की वर बसायची. मी म्हणतो, आधी आमची सहल ऐका, मग पैसे घाला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. कयाक हा शब्द आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. आम्ही ‘एकट्याची होडी’ म्हणायचो. ती आणायला उल्हासनगरला जायचं ठरलं ते बदलापुरात, सुधाकरच्या गॅलरीत, कांदाभजी खाताना.

सुधाकर माझा जुना दोस्त, अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. त्याच कारखान्यात मी हेल्पर म्हणून लागलो होतो आणि पुढे जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं स्वतःचं दुकान टाकलं होतं. रविवार उजाडला की आम्ही दोघं उल्हास नदीवर. मी गप्पांसाठी, तो माशांसाठी. मग एकदा स्टोअरमध्ये पिंप घसरून त्याच्या पायावर आलं आणि उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. नदीचा काठ म्हणजे चिखलाचा उतार, तिथे ताठ पायाने उतरणार कसं? मी धरून नेतो म्हटलं तर म्हणाला, “म्हाताऱ्याला आंघोळीला नेतात तसं नको नेऊस मला.” गळ माळ्यावर गेले. रविवारी सकाळी तो गॅलरीत बसून रस्ता बघायचा. एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारा माणूस, त्या सकाळी विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

होडीची कल्पना माझी. काठ सपाट असेल तिथून बसायचं आणि डोहाकडे वल्हवत जायचं, चढउतार नाहीच. शालिनीवहिनी कढईतून झारा न काढता म्हणाल्या, “घ्या होडी. पण माझ्यासमोर पाण्यात पडून दाखवायचं आणि कोणाचा हात न धरता परत चढायचं. नाही जमलं तर होडी भंगारात, आणि हा विषय या घरात पुन्हा नाही.”

“ही अट आहे की सर्कस?” सुधाकर म्हणाला.

“तुम्ही एकटे जाणार म्हणता ना? मग पडणारही एकटेच.”

सुधाकरने पुढचं भजं उचललं.

शनिवारी उल्हासनगर. आजही कोणाला जायचं असेल तर बाजारात गाडी नेऊ नका, चालत फिरा आणि पोटभर खाऊन निघा. आम्ही दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत पकवानावर दाटसर डाळ, वर चिंचेची चटणी. दुपारपर्यंत भूक फिरकत नाही. मग जहाजाच्या भंगाराचं एक गोदाम गाठलं. तिथे बोटीवरच्या खुर्च्या, पितळी दिवे, गोल खिडक्या असलं काहीबाही यायचं. आणि छताला टांगलेली दिसली ती. लाल, लांब, दोन्ही टोकांना निमुळती, मधे फक्त माणूस शिरेल एवढं भोक.

सुधाकरने तिच्याकडे असं बघितलं, की वहिनी सोबत नव्हत्या ते बरंच झालं.

“फॉरेन का माल है साईं,” मालक म्हणाला. सगळे त्यांना दादूमल शेठ म्हणत होते. “पानी में ऐसे जाएगी जैसे मक्खन में छुरी.”

मी खाली उतरवून घेतली आणि बोटाच्या पेराने ठोकत गेलो. मोटारी ठोकून ठोकून माझा कान तयार झालेला. टणटण वाजता वाजता एका जागी आवाज बसका आला.

“इधर पट्टी मारा है, शेठ.”

“अरे, तुम डॉक्टर हो क्या?” शेठ हसले. “पट्टी है. लेकिन अच्छा पट्टी है.”

ते खरंच होतं. पट्टीचं काही बिघडलेलं नव्हतं, बिघडलं दुसरीकडे. सुधाकर आत बसायला गेला. डावा पाय वाकवून आत घातला. उजवा आडवा सरकवू बघितला, पण गुडघा कडेला अडला. जरा मागे रेलून जोर केला आणि कमरेपर्यंत अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. गोदामातले दोन हमाल हसायला लागले. शेठनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तसे ते गप्प झाले. मग शेठ स्वतः धोतर सावरून खाली बसले, काखेत हात घालून त्याला अलगद ओढून काढलं आणि स्टुलावर बसवलं. सुधाकर बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी सुटलेली नव्हती.

शेठनी चहा मागवला. विकायची गोष्ट काढलीच नाही. कप खाली ठेवताना म्हणाले, “ये होडी पैर मोड़ने वालों के लिए बनी है. तुम मेरे मासी के लड़के के पास जाओ. टंकी बनाता है. जो बोलोगे, बना देगा.”

पोरांनो, पहिला धडा इथेच. दिसायला सुंदर होडी दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरासाठी बनवलेली असते. दुकानात बसून बघा, आणि उठूनही बघा.

मासीचा मुलगा म्हणजे गोपभाई. पत्र्याची शेड, रेझिनचा नाकात झोंबणारा वास, आणि अंगणात फायबरच्या पाण्याच्या टाक्या ओळीने उपड्या. गोपभाई बागेतल्या घसरगुंड्याही बनवायचा. होडी आयुष्यात केली नव्हती, पण ते सांगायला त्याला लाज नव्हती.

“नमुना लाओ. नमुना मिला तो मैं हवाई जहाज भी बना दूँगा.”

उल्हासनगरचं कामच असं. वस्तू दाखवा, तशी दुसरी मिळेल. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मी हातवारे करून समजावत होतो, तेवढ्यात सुधाकर शेडच्या लादीवर सरळ बसला. पाठ टाकीला टेकवली, उजवा पाय समोर ताठ पसरला, डावा अर्धा दुमडला.

“हा घ्या नमुना,” तो म्हणाला.

गोपभाईने खडू घेतला आणि त्याच्याभोवती रेघ ओढली. मग म्हणाला, “गळ फेको.” सुधाकरने खोटाच गळ फेकला. कोपर जिथवर गेलं तिथे गोपभाईने खूण केली. “मछली खींचो.” तीही खूण झाली. सुधाकर उठला तेव्हा लादीवर एक बसका, रुंद, बोथट टोकांचा आकार उरला होता. आवडावा असं त्यात काही नव्हतं. सुधाकर मात्र त्याच्याकडे बघत हसत होता. सबंध दिवसात पहिल्यांदा.

पंधरवड्यानंतरच्या शनिवारी होडी आणायला गेलो. अंगणात ती काठोकाठ पाण्याने भरलेली.

“रात से भरी है,” गोपभाई छाती फुगवून म्हणाला. “एक बूंद बाहर नहीं आया.”

“अरे गोपभाई, पाणी बाहेर असतं, माणूस आत!”

“तो? पानी को क्या मालूम, वो अंदर है या बाहर?”

टाकी तो अशीच तपासायचा, होडीही तशीच तपासली. कडही टाकीच्या तोंडाला असते तशी बाहेर वळवून दिली होती, चार बोटं रुंद. वल्ह्याला बांबू, आणि त्याच्या दोन टोकांना टाकीचं झाकण मधोमध कापून लावलेलं.

तीनचाकी टेम्पो केला. टेम्पोवाल्याने विचारलं, “म्हशीचा हौद का?” अंबरनाथला माझ्या दुकानापाशी थांबलो. हवा भरलेली टायरची ट्यूब घेतली, अंगाला बांधायला. तुम्ही मात्र असलं काही करू नका, आता लाइफ जॅकेट मिळतात, ती घाला. समोरचा वडापाववाला होडीभोवती फेरी मारून म्हणाला, “मोहनशेठ, लग्नात सरबत करायला मस्त आहे.” पुढे चिखलोलीच्या बाजूला तेव्हा दोन्हीकडे भातखाचरं होती. आज तिथे इमारतींच्या गॅलऱ्यांत कपडे वाळतात. सुधाकर पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे होडीत बसला, पाय पसरून. बदलापुरात शिरताना लोक बघायचे आणि तो हात करायचा.

रविवारी बारवी. धरणाच्या भिंतीकडे नव्हे, तिकडे जाऊ देत नाहीत. मागच्या अंगाला, एका वाडीच्या पुढे पाणी गवतापर्यंत येतं. तिथला काठ सपाट. रस्ता खडीचा, वळणं बरीच. टेम्पो असेल तर सकाळी लवकर निघा आणि पाणी सोबत घ्या. वाडीत ओळख नसताना चहा मिळतो, पण जेवण आधी सांगावं लागतं. आम्ही तांदळाची भाकरी सांगून ठेवली. वहिनींनी घरून सुकटीची चटणी आणली होती, आणि ओल्या गवतावर बसायला न्हाणीघरातला लाकडी पाट.

होडी पाण्यात सोडली. सुधाकर काठावर टेकला, आधी बूड आत, मग ताठ पाय हाताने उचलून आत. कोणी धरलं नाही. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तेवढ्यात आवाज आला. धप्प. मग पुन्हा, धप्प. त्याच्या बुडाखाली होडीचा तळ फुगलेल्या पुरीसारखा खालीवर होत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकी नेहमी स्लॅबवर बसते. तिच्या तळाला खालून आधार असतो, म्हणून टाकीवाला तळ पातळ ठेवतो. गोपभाईने तेच केलं होतं. अंगणात पाणी भरून बघितलं तेव्हाही खाली जमीन होती, म्हणून कोणाला कळलं नाही. इथे खाली फक्त बारवी.

सुधाकरने कड घट्ट पकडली. चेहरा पांढरा. “मोहन, ही फाटेल का रे?”

“लगेच नाही,” मी म्हटलं. खोटं बोलायची ती वेळ नव्हती. “पण अशीच वापरलीस तर फाटेल.”

तो बाहेर आला. मी होडीत वाकून हाताने तळ दाबत होतो, बांबू चिरून आडव्या पट्ट्या टाकता येतील का बघत होतो. पण चिरायला साधन नाही, आणि सुधाकर टेम्पोकडे चालायला लागलेला. ताठ पायाचा माणूस मागून चालताना दिसतो ना, तेव्हा तो रागावलाय की थकलाय ते कळत नाही.

“अहो, थांबा,” वहिनींनी हाक मारली.

त्या उठल्या, बुडाखालचा पाट उचलला, पाण्यात आल्या आणि तो होडीच्या तळाशी ठेवला. पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्या तळाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोचल्या, म्हणजे वजन मधल्या पातळ भागाऐवजी बाजूंवर जाणार. त्यांनी दोन्ही तळहातांनी जोर देऊन दाबून बघितलं. आवाज नाही.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पण माझी अट तशीच आहे.”

तो बसला. धप्प नाही. कमरेइतक्या पाण्यात वल्हवत गेला, ट्यूब अंगाला, आणि आमच्याकडे एकदा बघून बाजूला कलंडला.

होडी उलटली नाही, तो मात्र पडला. पाणी कमरेइतकंच, पण ताठ पायावर उभं राहायला जाताना तळाच्या चिखलात त्याचा पाय घसरला आणि तो नाकापर्यंत गेला. मी धावलो. “येऊ नकोस!” तो ओरडला. वहिनी माझ्या आधी गुडघाभर पाण्यात शिरल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. साडीचा पदर दोन्ही मुठींत धरलेला.

पहिल्यांदा तो नुसता लोंबकळला आणि सुटला. वहिनींच्या तोंडून अर्धा शब्द बाहेर पडला, तो त्यांनी गिळला. दुसऱ्यांदा त्याने टाकीची ती चार बोटांची कड दोन्ही हातांनी धरली, पोटावर जोर देऊन वर आला आणि होडीत आडवा पालथा पडला. होडी कलली, पण रुंद असल्यामुळे थांबली. गोदामातली ती लाल बाई असती तर तिने कधीच त्याला फेकून दिलं असतं. मग तो कुशीवर वळला आणि पाटावर बसता झाला. उजवा पाय अजून बाहेर, पाण्यात. त्याने तो हाताने उचलून आत घेतला, झोपलेलं मूल उचलून घ्यावं तसा.

“जमलं,” तो धापा टाकत म्हणाला.

“एकदा जमलं,” वहिनी म्हणाल्या. “पुन्हा पडा.”

तो पुन्हा पडला, पुन्हा चढला. मग वहिनी काठावर आल्या, पदर पिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भावोजी, गळ द्या त्यांना.”

तो बुडलेल्या झाडांच्या पलीकडे गेला. आम्ही भाकरी खाल्ली. वाऱ्यावर त्याचं गुणगुणणं कधी यायचं, कधी यायचं नाही. परत आला तेव्हा एक मरळ होता, वीतभर, कालवणालाही न पुरणारा. तेवढ्याच्या जोरावर तो बदलापूरपर्यंत अखंड बोलत होता. टेम्पोवाल्याने शेवटी विचारलं, “साहेब नेहमी एवढे बोलतात का?” वहिनी म्हणाल्या, “पूर्वी बोलायचे.”

गोपभाईने पुढे तळाला दोन आडव्या फासळ्या टाकून दिल्या. एक पैसा घेतला नाही, वर म्हणाला, “अगली होडी में पहले से डालूँगा.” अगली होडी कधी कोणी मागितली नाही. सुधाकरची मात्र बरीच वर्षं चालली, बारवीवर आणि नदीच्या डोहावर. मी कधी सोबत गेलो, बहुतेकदा नाही. त्याला तेच हवं होतं.

तेव्हा कयाक घेताना लांबी-रुंदी, रंग, गळ खोचायची भोकं सगळं बघा. पण आधी कमरेइतक्या पाण्यात तिच्यातून पडा. परत चढता आलं तर ती तुमची.

राहता राहिला तो पाट. फासळ्या घातल्यावर त्याची गरज उरली नव्हती. सुधाकरने न्हाणीघरात परत नेऊन ठेवला, तर वहिनींनी तिथे नवा आणून ठेवलेला. जुन्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. नदीवर जा असंही त्यांनी त्याला कधी म्हटलं नाही. पण रविवारी सकाळी मी त्यांच्या दारावरून गेलो की बघायचो. जुना पाट घासून, कोरडा करून, उंबऱ्याशी त्याच्या बुटांच्या शेजारी उभा ठेवलेला असायचा.