ताऱ्याचा एक्स-रे

भंडाऱ्याकडच्या कोंढा गावची चंद्रकला मुंबईत ताऱ्यांवर संशोधन करायची. काही तारे चुंबकासारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर सिलिकॉनसारखी मूलद्रव्यं भलतीच साचलेली असतात. अशा ताऱ्यांतून एक्स-रे निघतात का, हे ती उपग्रहाच्या नोंदींत शोधत होती. तिचे वडील लक्ष्मणराव गावी धानाची शेती करायचे. दर पत्रात ते विचारायचे, "तुझ्या ताऱ्याचा एक्स-रे निघाला का?"

१९८२ च्या दिवाळीआधी एका ताऱ्याची अंधूक खूण सापडली. बाबांना समोर बसूनच सांगू, म्हणून तिनं पत्र टाकलं नाही. आठच दिवसांत बाबा गेल्याची तार आली. चंद्रकला घरी पोचली तेव्हा सारं आटोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी मायनं कोठीमागून एक मोठं पाकीट काढलं. आत छातीचा एक्स-रे होता, चार महिन्यांपूर्वी भंडाऱ्याला काढलेला.

"माय, मले काहून नाही कळवलं?"

"त्यायनं कळवू नाही देल्लं. म्हणे, पोरगी काम टाकून येईन."

चंद्रकलेनं तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. फुप्फुसावरचा डाग कुणालाही दिसला असता. ती मात्र वर्षभर दूरच्या पुसट ठिपक्यांवर डोळे लावून बसली होती. मायच्या मांडीत डोकं खुपसून ती रडत राहिली.