लेबलावरचे आजोबा

आमच्या कंपनीची स्कॉच मालकाच्या आजोबांनी घडवली, असे बाटलीच्या लेबलावर छापलेले आहे. ते साफ खोटे आहे. ते आजोबा कापडाचे व्यापारी होते. स्कॉटलंडहून आलेल्या नमुन्यांपैकी कोणते, किती प्रमाणात मिसळायचे, हे मुंबईच्या कचेरीत बसून मी ठरवले. त्या प्रमाणाने मिश्रण तिकडेच होई आणि पिंपे इकडे बाटल्या भरायला येत. मी स्वतः घोट कधी घेतला नाही. ब्लेंडरचे काम नाकाचे असते, आणि त्या नाकापायी आमच्या घरात कामाच्या दिवशी लसणाची फोडणी पडत नसे.

दोन हजार सालानंतर आम्ही दोघे नवरा-बायको परदेशात, पापाटोएटोला मुलाकडे राहत होतो. तिथून जवळच पेनरोजच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला त्याचा पुणेकर मित्र एका संध्याकाळी नेमकी तीच बाटली घेऊन आला. मुंबईच्या विमानतळावर घेतलेली. त्याने लेबल मोठ्याने वाचले. मी हरकत घेतली.

"बाबा तिथे क्वालिटी कंट्रोलला होते," मुलगा हसून म्हणाला. "रिटायर झाल्यापासून व्हिस्की त्यांची झाली."

पोटच्या मुलाने पाहुण्यासमोर मला खोटे पाडले.

"स्वीट अ‍ॅज! मग काका डोळे मिटून ओळखतील," मित्र तिकडच्या बोलीत 'झकास' म्हणत म्हणाला. त्याने ती आणि घरातली दुसरी, अशा दोन व्हिस्की दोन ग्लासांत ओतल्या. मी निम्मे पाणी घालायला लावले, वर बशा झाकायला लावल्या आणि आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला. नाक कोरे करण्याची तीच रीत.

पहिला ग्लास. दुसरा. पुन्हा पहिला. माझ्या मिश्रणात तळाशी ओल्या राखेसारखा धूर असे. तो कशातच नव्हता.

"यातली एकही माझी नाही. ब्लेंड बदललंय."

"म्हणजे ओळखता आली नाही," मुलगा म्हणाला.

"अहो, नाकाचंही वय होतं. घ्या की मान्य करून," ही म्हणाली.

मला ते मान्य नाही. खिडक्या बंद असताना शेजारच्या घरी कोकराचे मटण भाजताहेत, हे मला तेव्हाच कळले होते, आणि मी ते बोलूनही दाखवले. खात्री करायला कोणी उठले नाही. माझे नाक शाबूत आहे. पण जे आता बाटलीतच उरलेले नाही, ते मी घडवले होते, हे मुलाला कशाने पटवणार?