सावडीचं नाणं

शेषराव गुरुजींना कुठलीही गोष्ट सोपी करून सांगता येई. धामणगाव बढ्याजवळच्या आपल्या गावात त्यांनी उभी हयात पोरांना अपूर्णांक भाकरीवर शिकवले. रिटायर झाल्यावर वीजबिल, पीकविमा, नवा मोबाइल, जे कोणाला कळेना ते त्यांच्या ओट्यावर येई. ऐकणारा 'आता समजलं' म्हणाला की गुरुजींचा चेहरा फुले. कौतुकाची ही हाव त्यांच्यात होती, ती झाकण्यात काही अर्थ नाही.

दीपक नावाचा एजंट डिजिटल चलनाचं अ‍ॅप घेऊन गावात आला, तेव्हा त्याचं बोलणं सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं. त्याने सरळ गुरुजींचा ओटा गाठला. "तुम्ही सांगितलंत तरच लोकांना पटेल, सर," म्हणाला. गुरुजी हरभऱ्याच्या झाडावर चढले. त्यांनी मोबाइलवर वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि मारुतीच्या पारावर गाव जमवलं.

"आपल्या सावडीत काय होते? आज मी तुह्या वावरात, उद्या तू माह्या. कोणाचा दिवस कोणाकडं राह्यला, हे कोणी लिहून ठेवते का? नाही. पण साऱ्या गावाले ठाऊक असते. एखादी नाही म्हणली तं बाकीच्या तिले खोटं पाडतात. हे नाणं तसंच हाय. हातात धरता येत नाही, सरकार छापत नाही. कोणी कोणाले दिलं, त्याची नोंद हजारो कॉम्प्युटरांत एकदमच राह्यते. एकानं खोडली तरी बाकीच्यांकडं असतेच."

बचत गटाची कलाबाई पुढेच बसली होती. ती मान डोलवत म्हणाली, "हे तं आपलंच हाय मंग."

तिथेच घात झाला. सावडीत दगा होत नाही, कारण दगा देणाऱ्याचं घर गावातच असतं. लोकांनी तोच भरवसा अ‍ॅपवर टाकला. कलाबाईने स्लॅबसाठी जमवलेले पैसे घातले, तिचं पाहून गटातल्या बाकीच्या बायांनी घातले.

सोयाबीन पिवळं पडायला लागलं आणि अ‍ॅप उघडेनासं झालं. दीपकचा फोनही लागेना. गुरुजींनी पारावर सांगितलं ते खोटं नव्हतं. पण दीपकने विकलं ते भलतंच निघालं. तिथे ना नाणं होतं ना नोंद, होते नुसते रोज फुगणारे आकडे. हा फरक तपासायचं गुरुजींना सुचलंही नव्हतं. समजावण्याच्या नादात ते समजून घ्यायचंच विसरले.

आता लोक ओट्यावर येऊन शिव्या घालतील, या धास्तीने गुरुजी घरात दडून बसले. लोक आले, पण ते सांत्वन करायला.

"तुमचे तं आमच्याहून जास्त गेले असतीन," कलाबाई म्हणाली. "जिवाले लावून घेऊ नका."

गुरुजी मूग गिळून बसले. त्यांचा एक रुपयाही गेला नव्हता. त्यांनी टाकलाच नव्हता. पारावर बोलताना असलेली खात्री घरी पासबुक हातात घेताच कुठे पळाली, देव जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे फक्त त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईंना, ठाऊक होतं.

त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ गावाने आपल्या परीने लावला. आभाळ भरून यायला लागलं होतं, मजूर मिळत नव्हते, आणि गुरुजींचं सोयाबीन उभंच होतं. एका सकाळी कलाबाई गटातल्या बायांना घेऊन त्यांच्या वावरात उतरली. मजुरी घ्यायची नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज तरी सांगा," चहाची किटली हातात देत मंजुळाबाई म्हणाल्या. "मले या बायांकडं पाहवत नाही."

गुरुजी वावरात गेले. कलाबाई सगळ्यांच्या पुढे आपल्या ओळींची पात धरून विळ्याने सोयाबीन सोंगत होती. ते तिच्याजवळ उभे राहिले. किटली खाली ठेवली.

"कलाबाई, माह्ये काहीच गेले नाहीत. मी टाकलेच नव्हते."

विळा थांबला. मागच्या बायाही थांबल्या.

"काऊन?"

"भेव वाटलं."

कलाबाईने पदराने तोंड पुसलं. ती चिडली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "मंग तेवढंच सांगायचं होतं, गुरुजी. ते आमाले लगेच समजलं असतं."

आणि ती पुन्हा वाकली. पात अर्धी राहिली होती. किटलीतल्या चहाला कोणी हात लावला नाही.