वाकड्या बाटल्या

"शुद्ध शे," असं म्हणत शेठ बाटलीचं झाकण उघडायचे. मग दुकानाच्या पायरीवर येऊन, कपाळावर आडवा हात धरून पश्चिमेकडे बघायचे. विसरवाडीच्या चौफुलीवर पश्चिम बघायची म्हणजे आधी ट्रक बघावे लागतात. पण दोन ट्रकांच्या फटीतून सूर्य किती उरलाय हे त्यांना बरोबर कळायचं. वेळ झाली की बाटली मुलीच्या हातात देत म्हणायचे, "पयले तू पी, बेटा." तिचं झालं की उरलेलं पाणी स्वतः घटाघटा पिऊन टाकायचे. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत बापलेकींना अन्न नाही आणि पाणीही नाही.

मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि राहायला नवापूरला. शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत शेठच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर बसून राहणं हा माझा रोजचा कार्यक्रम होता. एसटी वेळेवर आली असती तर हे व्यक्तिचित्र लिहायला माझ्याकडे काही उरलंच नसतं.

शेठचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ घरात मारवाडी बोलायचे आणि घराबाहेर पडले की अहिराणी, मुलीशीसुद्धा. डोंगरातलं गिऱ्हाईक आलं की त्याच्या बोलीतही हिशेब करून दाखवायचे. दुकान किराण्याचं, पण डाळ-तांदूळ मागे आणि पुढे सगळा रंगीत कारभार. छतापासून पाकिटांच्या माळा लोंबत असायच्या. वेफर्स, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं. बाजूला थंड पेयांचा फ्रिज सदोदित घुरघुरत असायचा. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. आत शिरताना लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं डोकं वाकवावं लागतं.

शेठ धर्मानं जैन आणि नियमानं कडक. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. मी एकदा वेफर्सच्या माळेकडे बोट दाखवून विचारलं, "शेठ, हा बटाटाच की!"

शेठ जराही गडबडले नाहीत. "मी विकस सर, खास नही," म्हणाले.

विकतो पण खात नाही, हे उत्तर मला इतकं आवडलं की घरी येऊन बायकोला सांगितलं. आम्ही दोघं पोटभर हसलो.

पाणी मात्र उकळलेलंच. त्यांच्याकडे तो नियम आहे. सकाळी उकळायचं, दुपारी पुन्हा ताजं उकळायचं आणि कच्चं पाणी तोंडाला लावायचं नाही. शेठच्या आईच्या काळात ते पाणी पितळेच्या परातीत ओतून, वर कापड झाकून निववत. शेठनी ती परात माळ्यावर टाकली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "हायवेवर धूळ किती, माश्या किती! परातमा एक माशी पडनी तं पाप कोनले? बाटलीले झाकन ऱ्हास. जीव मरत नही."

तर चुलीवरून उतरवलेलं पाणी, वाफा जायच्या आत, थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत नरसाळ्यानं भरलं जायचं. बाटल्या गरम पाण्यानं आकसायच्या. कुणाची मान तिरकी व्हायची, कुणाचं पोट आत जायचं. गल्ल्यामागच्या फळीवर त्या रांगेनं उभ्या असत, म्हाताऱ्यांना फोटो काढायला उभं केल्यासारख्या. दुपारचं ऊन बरोबर त्या फळीवर यायचं. शेठ कौतुकानं म्हणायचे, "घरमा उकाळेल पानी आमी दोनच पेतस. मी आनि मन्ही पोर." शेठाणी माठातलं प्यायच्या, त्यांना हा नियम कधी जमला नाही. मुलीनं मात्र शाळेत जायला लागल्यापासून बापाचं बघून तो घेतला होता आणि बाटल्या भरायचं कामही तिच्याकडेच होतं.

मी त्यांना हसायचो, पण फार नाही. आमच्या गावी, ब्राह्मणपुरीला, फवारणीच्या औषधाचा डबा तीनदा धुऊन त्यात शेतावर ताक नेणारी माणसं माझ्याच घरात झाली. डबा मजबूत असतो म्हणून.

शेठ सूर्यास्ताच्या आत जेवायचे खरे, पण नेमक्या त्याच वेळी चौफुलीवर गाड्यांची गर्दी. गल्ला सोडून घरी जाणार कसे? मग घरून प्लॅस्टिकच्या डब्यात गरमागरम भाजी यायची, ती दोन घासांत उरकली जायची आणि उरलेलं पोट पाकिटांनी भरलं जायचं. पाकिटावर हिरवा ठिपका आहे आणि आत कांदा-बटाटा नाही एवढं ते चष्मा वर करून तपासायचे. "शुद्ध शे," म्हणायचे आणि फोडायचे. प्रवासातही तसंच. हॉटेलात कसली कढई असेल कोण जाणे, त्यापेक्षा बंद पाकीट बरं. मी तिथे लागलो तेव्हा शेठ स्टुलावर बसत. पुढे स्टूल करकरायला लागलं म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची आली. तिचे पाय फाकायला लागल्यावर एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या आल्या. त्यावर बसून ते स्वतःच्या पोटावर थाप मारत आणि म्हणत, "व्यापारीनं पोट दिसाले पायजे."

पोट मुलीला आलं तेव्हा मात्र त्यांना हसू येईना.

ती माझी विद्यार्थिनी. शाळेत होती तेव्हा खो-खोच्या संघात होती, खांबाला वळसा घालताना दिसायचीही नाही. कॉलेज संपता संपता तिचं अंग सुटत गेलं. चेहरा सुजल्यासारखा झाला, हनुवटीवर लव आली, ती ओढणीनं झाकायला लागली. दुकानात आली की मागच्या बाजूला बसायची. स्थळं येत होती आणि फोटो बघून परत जात होती. शेठना दुसरं काही सुचत नसे. ती डब्यातून चमचाभर भाजी घ्यायला लागली की गिऱ्हाइकांदेखत म्हणत, "हात आवर, बेटा. हात आवर."

ती हात आवरायची. मी रोज बघत होतो, ती काहीच खात नव्हती. पण हे शेठना सांगणं अवघड होतं, कारण ती फुगत होती हेही रोज दिसत होतं. बाप तिच्याकडे नव्या नजरेनं कधी बघेल, एवढाच त्या घरातला प्रश्न होता.

शेवटी शेठाणींनी हट्ट धरला आणि नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. शेठ मला म्हणाले, "सर, तुमी चाला. त्या इंग्रजी बोलतीन, माले काय समजी?" रविवार होता, गेलो.

डॉक्टरीणबाई चक्क मराठी बोलल्या. तपासण्यांचे कागद बघून झाल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, "दिवसभरात काय काय खातेस?"

उत्तर शेठनी दिलं. "मॅडम, इना हात आवरत नही, तेच कारन शे."

शेठाणी एरवी पुरुषमाणसांत बोलत नसत. त्या एकदम म्हणाल्या, "काय खास ती? सकायले अर्धी पोळी खास, दुपारले काहीच नही. मी आठे बठेल शे ना सांगाले!"

मुलगी खाली बघत होती. बाईंची नजर शेठच्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीवर गेली. त्या दिवशी निघताना घाईत सर्वांत वाकडी बाटली उचलली गेली होती.

"ही अशी का झाली?"

"गरम पानीनी व्हस, मॅडम. पन पानी शुद्ध शे. आमी दोन्ही हाईच पेतस. ती लहान व्हती तवपासून."

बाईंनी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. मग सावकाश म्हणाल्या, "पाणी शुद्ध असेल. बाटलीचं मी सांगू शकत नाही. हे बघा, अशा दुखण्याला एकच कारण नसतं. काही घराण्यातून येतं, काही बसून राहण्यातून, काही पाकिटांतल्या साखर-मैद्यातून. प्लॅस्टिकमधून, शेतातल्या औषधांमधून बारीकसारीक काही अंगात जातं, तेही या ग्रंथींच्या कामात लुडबुड करतं असं दिसतंय. हिच्या बाबतीत नेमकं कशानं झालं, हे मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. गोळ्या देते, चालणं सांगते, हळूहळू फरक पडेल. पण दोन गोष्टी आजच ऐका. ही मुलगी हावरी नाही. आणि उकळतं पाणी यात पुन्हा ओतू नका."

शेठनी बाटली परत घेऊन पिशवीत ठेवली. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. पण बाईंनी कुणालाच सांगता येणार नाही असं जे म्हटलं होतं, ते सोडून बाकी सगळं त्यांना नीट समजलं होतं.

परतीच्या एसटीत सूर्य खाली उतरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उभा होता आणि खिडकीतून फवारणीचा उग्र वास येत होता. सवयीनं मुलीनं हात पुढे केला. शेठनी बाटली काढली, झाकण उघडलं आणि तसेच बसून राहिले. सूर्य झाडांमागे निम्मा गेला. मग त्यांनी बाटली खिडकीबाहेर धरून उपडी केली. मागच्या खिडकीतला माणूस भिजला आणि त्यानं आईबहिणीवरून सुरुवात केली. शेठनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"पप्पा, आते सकायलोंग पानी नही," मुलगी म्हणाली.

"नही," शेठ म्हणाले. थोड्या वेळानं तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी तुले चारचौघांमा बोलनू, बेटा. तुन्ही चूक नव्हती."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी वर्तमानपत्र उघडलं आणि विसरवाडीपर्यंत एकच बातमी वाचत राहिलो. त्या दोघांसाठी मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळीवरच्या वाकड्या बाटल्या गेल्या आणि त्या जागी परात आली, घासूनपुसून लखलखीत. तिच्यावर पांढरं मलमल आणि माशी हाकायला स्वतः शेठ. गिऱ्हाईक काही मागत असलं तरी एका हातानं पंखा चालूच. डबा स्टीलचा झाला. घरात पाकीट जाणं बंद झालं.

दुकानातलं मात्र बंद झालं नाही. मी त्यांना संत करायला निघालेलो नाही, म्हणून सांगतो. एकदा मुलीनंच सगळ्यांसमोर विचारलं, "पप्पा, आपन खात नही, मंग डोंगरना पोऱ्यासले कसाले देतस?" शेठच्या ओठांवर ते जुनं उत्तर आलेलं मला दिसलं. "मी विकस..." एवढं म्हणून ते थांबले. दोन दिवसांनी पाकिटांच्या माळा पोरांचा हात पोचणार नाही इतक्या वर गेल्या. पोरं आता बोट दाखवून मागायला लागली, खप होता तेवढाच राहिला. शेठ पाकीट काढून द्यायचे, पण "शुद्ध शे" म्हणणं त्यांनी सोडलं.

मुलगी चालायला लागली. सकाळी बापलेक चौफुलीपासून नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचे, ती पुढे आणि शेठ मागे धापा टाकत. काही महिन्यांनी चेहऱ्याची सूज उतरली. वजन हट्टी होतं, ते थोडंच हललं. पण ती दुकानात पुढे बसायला लागली आणि ओढणी खांद्यावर राहायला लागली.

मग सुरतेहून एक स्थळ आलं. मंडळी मोटारीतून आली होती आणि चौफुलीवर आधी दुकानच लागतं म्हणून तिथेच टेकली. मुलाचा काका सरबत पीत हसत म्हणाला, "मुलगी चांगली आहे. फक्त तोंडावर जरा ताबा ठेवायला हवा."

शेठ खुर्चीतून उठले. दोन खुर्च्या त्यांच्यासोबत अर्ध्या उचलल्या गेल्या आणि खाली आदळल्या. "तिना तोंडना दोष नही," ते म्हणाले. "ती मन्हापेक्षा कमी खास. पानी तिले मीच पाजेल शे, त्या वाकड्या बाटल्यासमधून. काय बोलनं व्हई ते माले बोला."

पाहुण्यांना यातलं ओ की ठो कळलं नाही. स्थळ मोडलं. मुलगी आत चहा गाळत होती. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसतही होती, आणि चहा पाहुण्यांना द्यायचा सोडून तिनं मला दिला.

पुढे रस्ता रुंद झाला. दुकान रुंदीच्या आत आलं. शेठचं बिऱ्हाड त्यांच्या भावाकडे गुजरातेत गेलं. मुलगी तिकडे शाळेत नोकरीला लागली एवढं कानावर आलं. आता चौफुलीवर तेच दुकान शोधायला गेलात तर तुम्हाला डांबर मिळेल. मी एसटीची वाट उन्हात उभा राहून बघतो.

ते जायच्या आदल्या संध्याकाळचं सांगून संपवतो. दुकान रिकामं झालं होतं, माळाही नव्हत्या. फळीवर फक्त परात उरली होती. शेठ पायरीवर आले, कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघितलं. मुलीनं परातीतून पेला भरून घेतला आणि तोंडाला लावणार, एवढ्यात त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला. एक घोट प्यायले. मग पेला तसाच धरून, आपल्याला काही होतंय का बघितल्यासारखे, उभे राहिले. दवाखान्यातून आल्यापासून रोजचं हेच होतं.

"पप्पा," ती हसून म्हणाली, "आते तं पितळनी परात शे."

"शे ना," शेठ म्हणाले. "तरी पयले मी." सूर्य बुडायला आला होता. त्यांनी पेला तिच्या हातात दिला.