जिभेला चिकटलेलं हाड

संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांतल्या एका उन्हाळ्याची ही गोष्ट. तुकईथडला मामाच्या शेताला लागून नाला होता, त्यात डायनासोरची हाडं निघाली. नागपूरहून एक साहेब आले. मजूर पुरेनात, म्हणून त्यांनी घरंच्या घरं खणायला बोलावली. एकेका घराला सुतळीनं आखलेला एकेक चौकोन. आम्ही बऱ्हाणपूरचे, वडील शाळामास्तर, सुट्टीत मामाकडे आलेलो. एक चौकोन आम्हालाही मिळाला.

साहेबांनी खूण सांगितली. खडा जिभेला लावून बघा, हाड असेल तर चिकटतं, दगड चिकटत नाही. वडील चार पावलं मागे सरले. हाड आणि तोंडात? राम राम! सगळ्या बाप्यांचं तेच. मग जीभ कुणाची बाटवायची? बायकांची. माय सुपात माती पाखडायची, खडा जिभेला लावायची, थुंकायची, पुन्हा दुसरा. आठव्या दिवशी बोटाएवढा तुकडा असा चिकटला की ओढून काढावा लागला. तिथंच खणलं तर मांडीचं अख्खं हाड निघालं, माझ्याहून लांब.

आणि बक्षीस काय? खणणं चाललं तेवढे दिवस वडिलांनी तिला चुलीला शिवू दिलं नाही. तिच्याच माहेरात तिचं ताट वेगळं, पडवीत. जावयाला कोण बोलणार?

शेवटच्या दिवशी साहेब म्हणाले, ज्याला हाड सापडलं त्याचं नाव नागपूरच्या संग्रहालयात हाडाजवळ काचेच्या पेटीत लागेल, कायमचं. मायचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मुन्शी वही घेऊन आला, पूर्ण नाव विचारलं. मायनं स्वतःचं नाव सांगितलं आणि अडली. पुढे नवऱ्याचं नाव, ते कसं घेणार? मामी हसत म्हणाली, घ्या वन्सं, उखाणा घ्या. माय लाजली, वडिलांकडे बघायला लागली. एवढा एकच शब्द त्यांनी सांगायचा होता.

वडील पुढे झाले. "बाईमाणसाचं काय लिहिता? माझं लिहा," म्हणाले, आणि स्वतःचं नाव आडनावासकट सांगितलं.

मुन्शीनं मायचं नाव खोडलं. ती सूप उचलून नाल्यावर धुवायला गेली. मला आजही संताप येतो, कुणाकुणाचा म्हणून सांगू?

पुढे राज्यं नव्यानं आखली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, पेटी तिकडेच राहिली. वडील जन्मभर हाडवाले मास्तर म्हणून गावात मिरवले. लोक ती हकीकत ऐकायला यायचे आणि माय त्यांना चहा करून द्यायची.

वडील गेल्यावर मी तिला नागपूरला नेलं. तोवर मी तिला वाचायला शिकवलं होतं; मास्तरांना कधी सवड झाली नाही. पेटीसमोर तिनं काचेवर बोट ठेवलं. उखाण्याशिवाय जे नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इतकंच तर होतं गं. तेव्हाच घेतलं असतं, तर इथं माझं राहिलं असतं."